नळ आला की पाळणा हलतो का? (पाणी, पोट, जमीन आणि मुलांची संख्या)

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:५०

आज नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जाऊन आलो, डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सात-आठ मित्र वर्गणी काढून छोट्या पाणीयोजना करतो. विहिरीवर सोलर पंप, वर टाकी, खाली वस्तीत दोन-तीन नळकोंडाळी, एवढंच काम. सावळघाट उतरून गेलं की पावसाळ्यात धो धो पाऊस असतो आणि सगळं पाणी दरीतून गुजरातकडे पळतं, मार्च लागला की त्याच डोंगरात बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. आज सकाळी सहाला पोचलो तेव्हा खालच्या विहिरीवर चौदा-पंधरा बायका आधीच होत्या. त्यातल्या एकीबरोबर मी वर चढलो, म्हणजे प्रयत्न केला. डोक्यावर चुंबळ, त्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी आणि पायात स्लिपर, एका स्लिपरचा अंगठा तारेने बांधलेला. मी रिकाम्या हातांनी दोनदा थांबलो, ती एकदाही नाही. एक खेप पाऊण तासाची आणि दिवसाला पाच खेपा.

वर पोचल्यावर तिची सासू ओट्यावर नागली पाखडत बसली होती. मी नेहमीसारखं सांगितलं की टाकी झाली की त्रास वाचेल वगैरे. तर ती म्हातारी म्हणाली, "लग्नाला तीन वर्षं झाली, सुनेचं पोट राहत नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं की राहील बघा."

मला आधी वाटलं जुन्या बायकांचं बोलणं. पण घरी येऊन शोधाशोध केली तर म्हातारी बरोबर निघाली की हो! इथिओपियात नेमकं हेच तपासलंय. दक्षिणेकडच्या अर्सी भागात काही गावांत नळ आले, शेजारच्या काही गावांत नाही आले. गिब्सन आणि मेस नावाच्या दोन संशोधक बायकांनी दोन्हीकडची तुलना केली, २००६ साली ते छापून आलं. नळाच्या गावात बायकांची तासन्तासाची पायपीट वाचली, बाळांचे मृत्यू कमी झाले आणि जन्म वाढले. पुढचं वाचून मात्र मी गप्प झालो, कारण त्याच गावांत मुलांचं कुपोषणही वाढलं होतं. घरात तोंडं वाढली, जमीन आणि धान्य तेवढंच राहिलं, आणि पाळणा लांबवायची साधनं तिथे जवळपास कुणी वापरत नव्हतं.

तर मला विचारायचंय, आपण नळ देतोय तो बरोबरच आहे याबद्दल मला शंका नाही, पण नळासोबत अजून काय द्यायला हवं? कुणी त्या भागात काम केलं असेल तर प्लीज लिहा.

चष्मेवाला | रविवार, रात्री १०:२५

दादा तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हे वाचून मी गोंधळलो. शाळेपासून आपण शिकलो की गरिबी असली की मुलं जास्त, सुबत्ता आली की कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पण तेच दिसतं, २०१९-२१ च्या फेरीत देशात सगळ्यात गरीब गटातल्या बाईला सरासरी २.६ मुलं आणि सगळ्यात श्रीमंत गटात १.६. मग सोय दिली की जन्म वाढतात हे उलटंच झालं ना? आणि तसं असेल तर इंग्लंडचा अर्थतज्ज्ञ माल्थस १७९८ मध्ये म्हणाला तेच खरं म्हणायचं का, की अन्न वाढलं की माणसं वाढणार आणि परत सगळे उपाशी. मी मनापासून विचारतोय, वाद घालायला नाही.

निवृत्त_नर्सबाई | सोमवार, सकाळी ७:१०

मी ३१ वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली १९ हरसूल-पेठ पट्ट्यातल्या उपकेंद्रांवर. आता नाशिकरोडला असते. नातवाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून आले आणि लिहायला घेतलं.

चष्मेवाला दादा, उलटं काही नाहीये त्यात. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. बाईचं शरीर काय करू शकतं ही एक, आणि घर काय ठरवतं ही दुसरी. सोय झाली की पहिल्यांदा शरीर सुधारतं, ते वर्षा-दोन वर्षांत दिसतं. घराचा निर्णय बदलायला वेळ लागतो, त्याला पोरगी शाळेत टिकावी लागते, झालेलं मूल जगेल याची खात्री लागते आणि नर्स वेळेवर यावी लागते. नळ आधी आला आणि बाकीचं दहा वर्षांनी आलं, तर मधल्या दहा वर्षांत त्या बाईची ओढाताण होते.

शरीराचं मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका सांगायच्या, सिस्टर दोन महिने झाले अंगावरचं गेलं नाही, दिवस गेले का बघा. तपासणी केली तर काही नसायचं. खायला नागलीची भाकर आणि पाण्यात शिजवलेली उडदाची आमटी, दिवसभर पाणी नाहीतर लाकूडफाटा, वजन ३८ किलो. शरीर स्वतःच हात आखडता घेतं. पाऊस लागून भात-नागली घरात आली की पाळी पूर्ववत. पण म्हणून प्रत्येक मूल न होणाऱ्या बाईला "ओझ्यामुळे" म्हणून सोडू नका हं. गोदाकाठ दादा, त्या सुनेची आणि तिच्या नवऱ्याची, दोघांची तपासणी झाली पाहिजे. तीन वर्षं म्हणजे थोडी नाहीत आणि दोष नेहमी सुनेच्याच माथी मारतात.

दुसरं, अंगावर पाजणं. आधी बाळ पाठीला बांधलेलं असायचं, रात्रंदिवस अंगावर, दोन-दोन वर्षं. त्यामुळे पाळी उशिरा परत यायची आणि आपोआप अंतर पडायचं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नसेल तर दिवस राहायची शक्यता फार कमी, शंभरात दोन, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आणि अनुभवही तसाच. पण दिवाळीनंतर ह्याच बायका मुकादमाच्या गाडीत बसून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंग-डिपिंगला (घड विरळ करायला आणि औषधात बुडवायला) जायच्या. मग बाळ बांधावर झोळीत, राखायला सात वर्षांची बहीण, दूध दुपारच्या सुट्टीत एकदा. मजुरी मिळायची, पोटाला बरं मिळायचं, आणि बाळ सात-आठ महिन्यांचं असताना पुन्हा दिवस. पैसा घरात आला पण अंतर गेलं. दोन्ही एकाच गाडीतून आलं बघा.

सिन्नरची_लेक | सोमवार, दुपारी १:०५

नर्सताई तुमचं वाचून माझी आजी आठवली, डबा खाताखाता टाइप करतेय. आम्ही सिन्नरच्या पूर्व भागातले, दुष्काळीच. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी आणि लाल मिलोची भाकर खाऊन दिवस काढले म्हणायची. माझे मोठे काका सत्तरचे आणि बाबा पंच्याहत्तरचे. मी कॉलेजात असताना सहज विचारलं होतं की आजी, मधे पाच वर्षं अंतर कसं गं, तेव्हा तर काही साधनं नव्हती. ती म्हणाली, अगं तेव्हा बायकांना न्हाणच येत नव्हतं, आम्ही सगळ्या कोरड्या पडलो होतो विहिरीसारख्या. तेव्हा मला ते कळलंच नव्हतं, मला वाटलं काहीतरी म्हण आहे. आता कळतंय की ती अक्षरशः खरं सांगत होती.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:१५

ताई, आजीचं वाक्य वाचून काटा आला अंगावर.

याची नोंद जगात बऱ्याच ठिकाणी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली, माणशी रेशन हजार कॅलरीच्याही खाली गेलं. तिथे जन्मनोंदणी चोख होती त्यामुळे स्पष्ट दिसतं, उपासमारीनंतर नऊ महिन्यांनी जन्म एकदम घसरले आणि मे १९४५ मध्ये सुटका होऊन अन्न आलं तसे नऊ-दहा महिन्यांत परत वर आले.

आणि चष्मेवाला, नुसतं उपाशी असणंच नाही, कष्टांचाही वेगळा परिणाम असतो. पोलंडमधल्या शेतकरी बायकांवर ग्रॅझिना यासिएन्स्का यांनी काम केलंय. त्या बायका नीट खाऊनपिऊन होत्या, वजन घटलेलं नव्हतं, तरी सुगीच्या महिन्यांत त्यांच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला लागणारं हार्मोन, खाली जायचं. म्हणजे शरीर फक्त साठवण बघत नाही, रोज किती खर्च होतोय तेही बघतं. पाऊण तासाच्या पाच खेपा म्हणजे रोजचे पावणेचार तास चढउतार, डोक्यावर वीस-पंचवीस लिटर घेऊन. म्हातारीला हार्मोन माहीत नाही पण हिशोब माहीत आहे.

निफाडकर | सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. मी द्राक्ष बागायतदार, अडीच एकर बाग. माझ्या बागेतही पेठ-सुरगाण्याचे मजूर येतात, नर्सताईंनी लिहिलेलं झोळीचं खरं आहे आणि वाचताना मान खाली गेली. आमच्याकडे सगळं लक्ष माल एक्स्पोर्टला जाईल का यावर, बांधावरच्या लेकराकडे कोण बघतो. यंदा शेडमध्ये एक बाई फक्त पोरं सांभाळायला ठेवायची आणि पाजायला दिवसातून तीनदा सुट्टी द्यायची असं मालकिणीशी बोलून ठरवलंय, तिचंच म्हणणं होतं खरंतर.

आता माझी बाजू सांगतो, जमिनीची. पणजोबांची चाळीस एकर जिरायत, त्यांना सात पोरं, तेव्हा पोर म्हणजे हात, गुरं राखायला सहाव्या वर्षी कामाला. आजोबांच्या वाटणीला आली त्यात पुन्हा चार भाऊ. कालव्याचं पाणी आलं, मग बोअर, मग द्राक्ष, उत्पन्न वाढलं, पण पोरं वाढली नाहीत, उलट माझ्या वडिलांनी दोनवर ऑपरेशन केलं आणि मला एकच मुलगी. का? तर बागेत सहा वर्षाच्या पोराचा उपयोग नाही. औषधाचं प्रमाण, छाटणीची तारीख, रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचा अंश किती उरला त्याचा), हे शिकलेल्या माणसाचं काम. पोर आता हात नाही राहिलं, वीस वर्षं खर्च मागणारी बाग झालीय म्हणा. अडीच एकराचे अजून दोन तुकडे केले तर दोघंही उपाशी, हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणि एक दुखणं आहे त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या गावात तिशी ओलांडलेली पोरं बिनलग्नाची आहेत, चांगली निर्व्यसनी पोरं. मुलीकडचे विचारतात नोकरी आहे का, नाशिकला फ्लॅट आहे का. जमीन असूनही ती पुरेशी धरत नाहीत. जन्मदर मोजताना ही पोरं कुठे धरत असतील? त्यांची लेकरं जन्मालाच आली नाहीत.

पाथर्डी_फाटा | मंगळवार, सकाळी ८:२०

निफाडकर काका, आमच्याकडे फ्लॅट आहे, अंबडला दोघांचीही नोकरी आहे, आणि तरी दुसरं मूल होत नाहीये, म्हणजे होऊ देत नाहीये. हे कुठेच लिहिलं नव्हतं, इथे लिहिते.

मुलगा पाच वर्षांचा. टू बीएचके चा हप्ता २३ हजार, शाळेची फी आणि व्हॅन मिळून महिन्याला साडेसात, पाळणाघर साडेतीन. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि आई गावी. दुसरं मूल म्हणजे माझी नोकरी जाणार, एवढं सरळ आहे. पहिल्या वेळी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा माझी जागा दुसऱ्या लाइनवर आणि हातात कामच नाही, पुन्हा पायावर उभं राहायला दोन वर्षं गेली. मला मुलगी हवी होती. अजूनही शेजारणीची छोटी फ्रॉक घालून आली की पोटात तुटतं.

लोक म्हणतात शहरातल्या बायकांना करिअर हवं म्हणून मुलं नकोत. असं नाहीये. माझ्याकडे पैसा त्यातल्या त्यात आहे, वेळ आणि माणूस नाही. त्या पाड्यावरच्या ताईकडे पाणी नाही आणि माझ्याकडे संध्याकाळी साडेपाच ते सात मुलाजवळ थांबणारं माणूस नाही. दक्षिण कोरियात २०२३ ला दर बाईमागे ०.७२ पर्यंत आकडा खाली गेला. बातमीत ऐकलं तेव्हा नवरा म्हणाला बापरे, मला आश्चर्य नाही वाटलं.

चष्मेवाला | मंगळवार, दुपारी ३:३०

पाथर्डी ताई, मनापासून लिहिलंत. माझंही एकावरच थांबलंय, कारणं तीच.

आता थोडं कळतंय. पण मग काही समाजांमध्ये सुविधा येऊनही मुलं जास्तच, त्याचं काय? आपल्या जिल्ह्यातच बघा, मालेगाव. तिथे धर्माचा भाग आहे असं सगळे म्हणतात.

मालेगावचा_मास्तर | मंगळवार, रात्री ११:०५

सगळे म्हणतात, म्हणून मी घरचं सांगतो. मी मोमीन, चौथ्या पिढीचा मालेगावकर, आजोबा मागावर, वडील मागावर, मी शाळेत शिक्षक. आजीला नऊ मुलं, त्यातली तीन गेली. अम्मीला पाच, सगळी जगली. माझ्या दोन बहिणींना दोन-दोन. मला दोन मुली. सगळ्या घरांत नमाज तीच, रोजे तेच. बदललं काय? आजी शाळेत गेली नाही, अम्मी चौथी, धाकटी बहीण बी.एस्सी. बी.एड.

आणि माग. लूम बारा-बारा तास चालतो, कांडी भरायला लहान बोटं लागायची, दहाव्या वर्षी पोर आठवड्याला पगार आणायचं. ज्या घरात पोर दहाव्या वर्षी कमावतं तिथे पाच मुलं हा त्या घराचा हिशोबच असतो. माझ्या वर्गात अजून अशी दोन मुलं आहेत जी रात्री लूमवर बसतात आणि सकाळी बाकावर झोपतात, मी त्यांना उठवत नाही पहिल्या तासाला. ज्या गल्लीतल्या मुली दहावी-बारावी करायला लागल्या त्या गल्लीत दोन-तीनवर थांबतात, हे मी पंचवीस वर्षं हजेरीपटात बघतोय, धाकटी भावंडं वर्गात यायची कमी झाली.

देशाचे आकडे बघा तुम्ही, तुम्हाला आवडतात. दर बाईमागे मुलांचा आकडा मुसलमान बायकांचा १९९२-९३ ला ४.४ होता, २०१९-२१ ला २.४ च्या आत. हिंदूंचा ३.३ वरून १.९. घसरण कुणाची मोठी ते तुम्हीच काढा. आणि त्याच २०१९-२१ ला बिहारच्या सगळ्या बायकांचा मिळून ३.० होता, केरळच्या १.८. मग हा फरक धर्माचा की शाळा-दवाखान्याचा?

चष्मेवाला | मंगळवार, रात्री ११:४०

सर, तुमचं मान्य. मी ऐकीव बोललो, त्याबद्दल सॉरी. वर्गातल्या त्या दोन मुलांचं वाचून झोप लागेलसं वाटत नाही.

निवृत्त_नर्सबाई | बुधवार, सकाळी ६:५०

मास्तर, फार नेमकं लिहिलंत. आजीची तीन गेली, अम्मीची सगळी जगली, यात अर्धं उत्तर आहे. पाड्यावर मी एका बाईला तिसऱ्यानंतर ऑपरेशनचं विचारलं होतं, ती म्हणाली सिस्टर, ह्यातलं कुठलं राहील ते मला सांगा, मग बाकीचं बंद करते. काय सांगणार होते मी? त्या पावसाळ्यात तिचं मधलं हगवणीने गेलं. पुढे आशाताई आल्या, लसीकरणाचा दिवस पाड्यावरच व्हायला लागला, गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण सुरू झालं अमृत आहार योजनेत, आणि मग बायका स्वतःहून यायला लागल्या की सिस्टर आता पुरे.

पण महाराष्ट्राचा २०१९-२१ चा १.७ आकडा बघून खूश होणाऱ्यांना मला एक सांगायचंय. आकडा खाली आलाय तो कशाने? बायकांच्या ऑपरेशनने. त्याच सर्वेक्षणात देशात लग्न झालेल्या ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. आणीबाणीत १९७६ ला पुरुषांना धरून धरून नेलं, त्याची भीती अजून गेली नाही आणि ओझं कायमचं बाईवर आलं. आणि त्यातही वय बघा. राज्यात तेव्हा २०-२४ वयाच्या बायकांत पाचातल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं. सतराव्या वर्षी लग्न, अठराला पहिलं, एकोणिसाव्या वर्षी दुसरं, एकविसाव्या वर्षी ऑपरेशन. मुलं दोनच, कागदावर सगळं छान. पण दोन बाळंतपणांत शरीराला श्वास मिळाला नाही, रक्त सात-आठवर, दुसरं बाळ दोन किलोचं. माझ्या मते मुलं किती याच्याइतकंच अंतर किती हे विचारलं पाहिजे, आणि ते कुणी विचारत नाही कारण टार्गेट ऑपरेशनचं असायचं. माझ्यावरही होतं, मार्च आला की धावपळ. आज त्याचं वाईट वाटतं.

गोदाकाठ दादा, आता तुमच्या प्रश्नाचं. नळासोबत काय, तर अंतर ठेवायची साधनं त्याच महिन्यात. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४८ तासांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवता येते, ती दहा वर्षं चालते आणि हवं तेव्हा काढता येते. ज्यांना तांबी नको त्यांना अंतरा इंजेक्शन, तीन महिन्यांनी एकदा, नाहीतर छाया गोळ्या. सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पण पाड्यापर्यंत पोचत नाही, संपलेलं असतं नाहीतर सांगायला कुणी नसतं. घाबरवू नका, लादू नका, फक्त उपलब्ध ठेवा. ज्यांना मूल हवंय त्यांना तपासणीला न्या, ज्यांना थांबायचंय त्यांना साधन द्या, दोन्ही एकाच दिवशी, एकाच ओट्यावर. आणि वाचलेल्या पावणेचार तासांचं काय होतं ते बघा. घरातली मोठी मुलगी हंड्यामुळे शाळा बुडवत असेल तर नळाच्या पहिल्या दिवसापासून ती शाळेत गेली पाहिजे, हे टाकी बांधायच्या आधी गावसभेत बोलून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ८:३०

ताई, हे सगळं प्रिंट काढून ग्रुपमध्ये वाचून दाखवलं. आम्ही आत्तापर्यंत लिटर मोजत होतो, माणशी रोज ५५ लिटर, सरकारच्या जलजीवन योजनेच्या हिशोबाने आणि ते जमलं की फोटो काढून परत. पाच गावं केली, एकाही ठिकाणी वर्षभराने जाऊन बायकांना काही विचारलं नाही. हे चुकलंच.

येत्या शनिवारी परत जातोय त्या पाड्यावर, पाइप टाकायचे आहेत. तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवलाय. पण आम्ही सगळे पुरुष, हा विषय काढणार कसा? तुम्ही याल का? गाडी आहे, नाशिकरोडवरून घेतो.

निवृत्त_नर्सबाई | बुधवार, रात्री ९:०५

येते. पहाटे साडेचारला निघायचं, उशीर नको. बायका विहिरीवर असतात तेव्हाच बोलतात, घरी सासू आणि नवरा असतो. सरपंचाकडे चहाला नंतर जाऊ. आणि त्या सुनेसाठी कॉटेज हॉस्पिटलची वेळ मी विचारून ठेवते, नवऱ्याला सोबत आणायचं काम तुमचं, पुरुषाला पुरुषानेच सांगितलेलं पटतं.

निफाडकर | बुधवार, रात्री ९:४०

गाडीत एक जागा असेल तर मीही येतो. माझ्या बागेत येणाऱ्या तीन बाया त्याच बाजूच्या आहेत, त्यांचा पाडा मी अजून पाहिलेला नाही.